चिऊ, चीन आणि सक्तीचं वर्ष

रेडिंग, इंग्लंड
6 डिसेंबर 2025

ती. अण्णा आणि सौ. आई,


मामाने ग्रुपवर टाकलेली बातमी अर्धीच खरी आहे. आमची चिऊ चीनला वगैरे चाललेली नाही. हे पत्र लिहितोय तेव्हा ती खाली स्वयंपाकघरात टोस्ट जाळते आहे. खरं एवढंच, की तिला विद्यापीठात चिनी भाषा घ्यायची आहे. पदवी चार वर्षांची, आणि त्यातलं एक वर्ष चीनमध्ये किंवा तैवानमध्ये जाऊन शिकणं सक्तीचं. या "सक्तीचं" शब्दाने आमच्या घरात दिवाळीपासून जे चाललंय ते फोनवर सांगायला गेलो, तर आई मधेच "जेवलास का?" विचारते आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र. ऑफिसातला एक जण नाताळच्या सुट्टीत सोलापूरला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो आहे. सोबत चॉकलेटं आहेत. आई, ती अण्णांच्या हाती लागू देऊ नकोस, शुगरचा रिपोर्ट मला कळलाय.

तुम्ही विचाराल, हे चिनी खूळ आलं कुठून. तर ते सरकारी आहे. इथल्या सरकारने 2016 साली काही शाळांमधून चिनीचा खास कार्यक्रम सुरू केला. सातवीपासून आठवड्याला आठ तास चिनी, त्यातले निम्मे शाळेत आणि निम्मे घरी. चिऊच्या शाळेत तो होता. आम्हाला वाटलं, महिनाभर करेल आणि फ्रेंचकडे वळेल. कथ्थक, व्हायोलिन आणि पोहणं या सगळ्यांतून ती तशीच वळलेली होती. पण इथे टिकली. सुरुवातीला बाथरूममधून कोणाशी तरी कडाक्याचं भांडण चालल्याचे आवाज यायचे; ते सूर घोटणं होतं. एकच "माई" खाली जाऊन वर आला तर विकत घेणं, आणि वरून धाडकन खाली आला तर विकणं. शेअर बाजाराचंही याहून वेगळं काही नाही, तेव्हा ते मला लगेच पटलं.

फ्रिजचा दरवाजा तेव्हापासून आमचा राहिलेला नाही. त्यावर पिवळ्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येकीवर काळ्या शाईत एकेक चौकोनी जंगल. मधल्या काळात तिने आपल्या सगळ्या गोतावळ्याचा तक्ता करून तिथे लावला होता. इंग्रजांना सगळे अंकल आणि आंटी. चिनी लोकांना मात्र मामा वेगळा, काका वेगळा, आत्या वेगळी, मावशी वेगळी, शिवाय काका बाबांहून मोठा की धाकटा हेही आधी ठरवावं लागतं. आई, तुला ऐकून बरं वाटेल की निदान या बाबतीत ते लोक सुसंस्कृत आहेत. फक्त धाकट्या काकाला तिकडे "शूशू" म्हणतात आणि आत्याला "गूगू". आमचा धाकटा हे ऐकून जो जमिनीवर लोळला तो जेवायलाच उठला. कृपया आत्याला सांगू नका.

असो. आता मूळ तंट्याकडे येतो.

पहिला आक्षेप हिचा, म्हणजे चिऊच्या आईचा होता, आणि तो रीतसर आला. अण्णा, तुम्ही आम्हाला सातवीत इतिहास शिकवताना चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने मराठी माणसाबद्दल काय लिहून ठेवलंय ते सांगायचात, की हे लोक उपकार विसरत नाहीत, अपमान गिळत नाहीत आणि सूड घ्यायच्या आधी शत्रूला आगाऊ कळवतात. तेराशे-चौदाशे वर्षांत आपल्यात फरक पडलेला नाही. हिने मला सकाळी डबा देतानाच सांगितलं, "आज रात्री नऊ वाजता चिऊच्या कोर्सबद्दल बोलायचंय." मला शस्त्रं परजायला दिवसभराचा अवधी मिळाला. मी एक्सेल उघडलं.

एक्सेलमध्ये पैशाची बाजू अजिबात वाईट दिसत नाही. इथे यंदा विद्यापीठाची फी वर्षाला 9,535 पौंड आहे. बाहेरच्या वर्षाला मात्र विद्यापीठ त्याच्या पंधरा टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही, म्हणजे 1,430. राहणं-खाणं वेगळं, पण ते इथेही वेगळंच. बाकी कर्ज. पगार वर्षाला 25,000 पौंडांच्या वर गेला की वरच्या रकमेतले नऊ टक्के कापायचे, आणि चाळीस वर्षांत फिटलं नाही तर माफ. हो, कर्जमाफी इथेही आहे, फक्त मोर्चा न काढता मिळते आणि मिळेपर्यंत माणूस निवृत्त झालेला असतो. हे सगळं मी रंगीत रकान्यांत मांडलं. हिने ते शांतपणे पाहिलं आणि विचारलं, "यात ती आजारी पडली तर, असा रकाना कुठे आहे?"

नव्हता.

मग पुढचे आठ-दहा दिवस रोज एक नवा रकाना. बीजिंगची थंडी. त्यावर चिऊने सांगितलं की तिथे 15 नोव्हेंबरला सगळ्या शहराचं हीटिंग सरकार चालू करतं आणि 15 मार्चला बंद करतं, मधे कोणी बटणाला हात लावायचा नाही. मला ही व्यवस्था अतिशय आवडली. आमच्या घरी हेच मी करतो तर मला हुकूमशहा म्हणतात. मग साथ. 2020 मध्ये चीनने दारं लावून घेतली ती परदेशी विद्यार्थ्यांसाठी दोनेक वर्षं उघडलीच नाहीत. त्या काळात इथल्या कित्येक मुलांनी आपलं सक्तीचं परदेशवर्ष स्वतःच्या बेडरूममध्ये, पायजम्यात, चिनी घड्याळाप्रमाणे पहाटे उठून काढलं. चिऊने हे केवढं दुर्दैव म्हणून सांगितलं. हिचा चेहरा एकदम उजळला. "तशी सोय अजून आहे का?"

मग व्हॉट्सॲप. ते तिकडे चालत नाही. गूगलही नाही. सगळा व्यवहार वीचॅटवर. भाजी घ्यायची तरी फोन दाखवायचा. म्हणजे वर्षभर चिऊला आपल्या ग्रुपवरचे गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात, मामाचे आरोग्यसल्ले आणि कोणाच्या तरी साखरपुड्याचे सत्तर फोटो मिळणार नाहीत. हिने ही अडचण म्हणून मांडली. चिऊने पहिल्यांदाच पूर्ण उत्साहाने मान डोलावली.

आई, तुझा प्रश्न मला माहीत आहे: खाईल काय? तर तैवानमध्ये बौद्ध लोकांच्या शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत, दारावर चक्क स्वस्तिक काढलेलं असतं, ताट भरून घ्यायचं आणि वजनावर पैसे द्यायचे. खुद्द चीनमध्ये मात्र भाजी मागितली तरी वर खिम्याची पेरणी करून येते असं ऐकतो. पण तू काळजी करू नकोस. चिऊ इथे काय काय खाते ते मी या पत्रात लिहिणार नाही, म्हणजे तू करणारच नाहीस.

मामाच्या "सरहद्दीवर तणाव असताना" या मुद्द्यालाही उत्तर आहे. ऑक्टोबरपासून कोलकात्याहून ग्वांगझूला थेट विमान पुन्हा सुरू झालंय, पाच वर्षांनी. उद्या चिऊ तिकडे असली तर तिला सोलापूर रेडिंगपेक्षा जवळ पडेल. हे वाक्य मामाला वाचून दाखवा आणि त्याच्या तोंडाकडे बघा.

पण खरी लढाई झाली ती दुसऱ्याच मुद्द्यावर, आणि तो मुद्दा दुर्दैवाने माझा होता. मी म्हणालो, भाषा शिकायची तर शीक, पण आता फोनच भाषांतर करतो. चार वर्षं त्यात कशाला घालवायची? संगणकाच्या धंद्यातला माणूस, मला वाटलं आपला शब्द शेवटचा. चिऊ काही बोलली नाही. त्या शनिवारी ती आम्हाला गावातल्या एका सिचुआनी खाणावळीत घेऊन गेली. चिनीत लिहिलेला वेगळा मेनू होता, जो गोऱ्यांना देत नाहीत. "बाबा, करा भाषांतर." मी फोन धरला. फोन क्षणभर थरथरला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: नवरा-बायकोच्या फुप्फुसांचे काप.

हिने फोन माझ्याकडे वळवला, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "अर्धे तुझे असतील तर मी घेते."

हा पदार्थ चेंगदू शहरातला खराखुरा प्रसिद्ध पदार्थ आहे. तिथलं एक जोडपं तो हातगाडीवर विकायचं, म्हणून ते नाव पडलं, आणि त्यात फुप्फुस बहुतेक नसतंच; गोमांस आणि आतले इतर अवयव असतात, वर लाल तिखट तेल. (आपण वांग्याची भाजी मागवली.) हे सगळं आम्हाला मालकीणबाईंनी सांगितलं, कारण चिऊने त्यांना त्यांच्या भाषेत विचारलं. ती बाई आधी दचकली. मग हातातलं फडकं टाकून तिने आमच्याच टेबलाशी खुर्ची ओढली, चहा मागवला, शेंगदाण्याची बशी पुढे सरकवली आणि आपली व्यथा सुरू केली. व्यथा अशी, की तिची मुलगी चिऊच्या वयाची, इथेच जन्मली, आईशी चिनीत एक अक्षर बोलत नाही, रात्री दोन वाजेपर्यंत फोन बघते आणि खोलीत पाऊल ठेववत नाही. चिऊ भाषांतर करत होती. हिचे डोळे मोठे होत गेले. मग हिने आपली बाजू मांडली: खोलीतले कपडे, चहाचे बुरशी आलेले कप, उलट उत्तरं, सकाळचं उठणं. चांगली दोन मिनिटं. चिऊने त्याचं चिनी भाषांतर चार सेकंदांत आटपलं. मालकीणबाईंनी चिऊच्या गालावरून हात फिरवून अंगठा वर केला. त्यावरून हिच्या बोलण्यातलं नेमकं काय पलीकडे पोचलं याची मला शंका आहे, पण दोघी आया निघताना एकमेकींचा हात सोडेनात. फोनने हे केलं नसतं. त्याने सगळ्या तक्रारी इमानदारीत पोचवल्या असत्या.

घरी येताना गाडीत ही म्हणाली, "जाऊ दे हिला."

आणि इथे गोष्टीला खरी कलाटणी मिळाली, कारण मागच्या सीटवरून आवाज आला, "पण मलाच नक्की ठरत नाहीये."

अण्णा, आम्ही दीड महिना चीनशी लढत होतो आणि पोरगी स्वतःशी. तिला भाषा हवी आहे, पण ते वर्ष तिच्याही पोटात गोळा आणतंय. बरोबरच्या मैत्रिणी तीन वर्षांत पदवी घेऊन नोकरीला लागतील, ही अजून शिकतच असेल. तिथे वर्गाबाहेर पडलं की कोणी इंग्रजीत सावरून घेणार नाही. तिने एक पळवाटही शोधून ठेवली होती: तीन वर्षांचं अर्थशास्त्र घ्यायचं आणि चिनी संध्याकाळच्या वर्गात. निंगबोला नॉटिंगहॅम विद्यापीठाची शाखा आहे, 2004 पासून, तीही बघून झाली. पण तिथे शिकवतात इंग्रजीत. "मग तिथे जाऊन काय उपयोग," हे तिचं तीच म्हणाली.

मग चिऊ आणि मी रात्री जेवणाच्या टेबलावर बसलो. हीटिंग बंद, मी चालू केलं नाही, ही नोंद घ्यावी. तिने सांगितलं, अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. त्यांच्या हिशेबाने इंग्रजी बोलणाऱ्याला फ्रेंच कामापुरती यायला सातएकशे तास लागतात, आणि चिनीला 2,200. चिऊने मांडणी करून दाखवली. इथे विद्यापीठात आठवड्याला थोडेच तास, बाकीचा वेळ सगळं इंग्रजीत. तिकडे रोज सकाळी वर्ग आणि दुपारनंतर रिक्षावाला, धोबी, खोलीतली मैत्रीण, डॉक्टर, सगळे फुकटचे मास्तर. ते वर्ष काढून टाकलं तर उरतं ते चिनीविषयीचं शिक्षण. म्हणूनच विद्यापीठं ते सक्तीचं करतात. ऐच्छिक ठेवलं असतं तर सगळे तिच्यासारखेच गाडीच्या मागच्या सीटवर बसून राहिले असते. मी काहीच केलं नाही, फक्त मान हलवत होतो. पोरगी स्वतःच स्वतःला पटवत होती आणि मधे बोलायची माझी छाती नव्हती.

आता तुम्ही फोनवर म्हणायच्या आत मीच लिहून टाकतो. होय, मीही सहा महिन्यांसाठी "ऑनसाइट" म्हणून आलो होतो. आईने माझी गादी उन्हात घालून ठेवली होती, ती नंतर किती वर्षं गुंडाळलेली राहिली तेही मला माहीत आहे. म्हणूनच सांगतो, चिऊचं जाणं माझ्यापेक्षा बरं आहे. तिच्या कोर्समध्ये जाणं सक्तीचं आहे तसं परत येणंही सक्तीचं आहे. शेवटच्या परीक्षा इथेच द्यायच्या. माझ्या कंपनीच्या पत्रात परतीची अशी अट कोणी घातली नव्हती. तुमच्या ह्युएनत्संगाचंही तेच झालं. 629 साली निघाला तो 645 साली घरी पोचला. सोळा वर्षांचं परदेशवर्ष, तेही राजाच्या परवानगीशिवाय. मात्र येताना सहाशेच्या वर ग्रंथ घेऊन आला. चिऊ धुवायचे कपडे आणील.

आता फॉर्मचं. इथे एकच अर्ज आणि त्यात जास्तीत जास्त पाच जागा. ऑक्सफर्डची मुदत 15 ऑक्टोबरलाच संपते. तेव्हा आमच्या घरात चिवड्यात शेंगदाणे किती यापलीकडे काही ठरलेलं नव्हतं. तिथे तर म्हणे दुसरंच वर्ष बाहेर काढायचं असतं, म्हणजे रडायलाही वेळ नाही. बाकीच्या बहुतेकांची मुदत 14 जानेवारी संध्याकाळी सहा, ऐन संक्रांत. तुमच्याकडे गड्ड्याच्या जत्रेत होम आणि आमच्याकडे फॉर्म, असं व्हायला नको म्हणून शाळेने नाताळाआधीच मागून घेतला.

त्यात स्वतःविषयी लिहायचं असतं, सगळं मिळून 4,000 अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. चिऊने पहिल्या खर्ड्यात सुरुवातच केली डॉ. द्वारकानाथ कोटणीसांपासून: 1938 साली भारतातून युद्धग्रस्त चीनमध्ये गेलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक, सोलापूरचे, आणि तिचे आजोबाही सोलापूरचे. शाळेतल्या बाईंनी समासात लिहिलं, "छान. पण यात तू कुठे आहेस?" चिऊ दोन दिवस फुरंगटून बसली. मग तिने कोटणीस ठेवले आणि तुम्हाला काढलं. माफ करा, अक्षरांचा प्रश्न होता. आता तिथे असं आहे, की ते गेले तेव्हा त्यांना चिनी येत नव्हती, तिथे राहून शिकले, आणि पुढे त्याच भाषेत तिथल्या विद्यार्थ्यांना वैद्यक शिकवू लागले. मधे सक्ती कोणाची नव्हती. हे वाक्य वाचून ही काही न बोलता चहा करायला उठली आणि सगळ्यांसाठी केला, मी मागितला नसताना.

चार जागा भरल्या. लीड्स, शेफील्ड, लंडनचं सोआस आणि एडिंबरा, चारही ठिकाणी चिनी, चारही ठिकाणी ते वर्ष. पाचवीत "नुसतं अर्थशास्त्र, तीन वर्षं" असं पेन्सिलीने लिहिलं होतं. ते हिने खोडलं. होय, हिनेच. कारण विचारलं तर म्हणाली, "दार उघडं ठेवलं की थंडी आत येते." माझंच वाक्य, हीटिंगबद्दलचं.

काल संध्याकाळी अर्ज गेला. बीजिंग की तैपेई हे पुढे विद्यापीठ आणि ती मिळून ठरवतील. तैपेईला अक्षरं जुन्या वळणाची, रेघा जास्त. बीजिंगला सोपी, पण ग्रुप नाही. तिचा कल कुठे असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. धाकट्याने तिच्या खोलीची मापं घेऊन ठेवली आहेत.

आईला एक काम. शेंगाचटणी आणि कडक भाकरी या ऑफिसातल्या माणसाबरोबरच परत पाठव, चिऊसाठी वेगळी पुडी. मालकीणबाईंना द्यायची आहे. त्यांच्या शेंगदाण्याची परतफेड राहिली आहे.

आणि अण्णा, तुम्हाला एक विनंती. चिऊ पुढच्या रविवारी तुम्हाला व्हिडिओवर फोन करणार आहे. भय्या चौकातलं कोटणीसांचं स्मारक, तिथले फोटो, त्यांचं घर, सगळं तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. खुशाल सांगा, रंगवून सांगा. फक्त त्यांनी तिकडेच एका चिनी परिचारिकेशी लग्न केलं आणि ते परत आलेच नाहीत, एवढा भाग तिची आई समोर असताना गाळावा.

आपला,
बाळू